जहाजाचं घड्याळ

सव्वीस वेळा जहाजाने फिरून आलेल्या बाईचं ऐकावं, असं आमच्या कातान्यो गावात सगळ्यांना वाटतं. फक्त माझ्या नवऱ्याला वाटत नाही.

बायका येतात, अंगणात बसतात आणि विचारतात, "नेरेइदा, पहिल्यांदाच जातोय, काय काय करू?" मग मी सुरू होते. जहाज परगावाहून धरायचं तर आदल्या दिवशीच बंदराच्या गावात मुक्कामाला पोचा, विमान चुकलं तर जहाज तुमच्यासाठी ताटकळत नाही. औषधं आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत येईपर्यंत संध्याकाळ होते. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी. पोहायच्या तलावाखालची खोली मी एकदा घेतली होती. पहाटे पाचपासून डोक्यावर खुर्च्या सरकत होत्या. बायका माना डोलावतात. आतून बेर्तो ओरडतो, "पोस्टातून निवृत्त झाली आणि जहाजात रुजू झाली!"

बेर्तो म्हणजे माझा नवरा, एरिबेर्तो. चाळीस वर्षं त्याने बसगाड्या दुरुस्त केल्या. ज्याला चाकं नाहीत अशा वाहनावर त्याचा विश्वास नाही. त्यामुळे सव्वीसच्या सव्वीस सफरी मी थोरल्या बहिणीबरोबर, इराइदाबरोबर केल्या. गेल्या वर्षी इराइदाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. एकटीने जायचं तर खोलीचं भाडं दोघांचं भरावं लागतं, आणि जेवताना भांडायचं कोणाशी? मी बेर्तोच्या मागे लागले. सहा महिने हात धुऊन मागे लागले.

शेवटी त्याने अट घातली. "एकदा येतो. आवडलं तर म्हणशील तितक्या वेळा येईन. नाही आवडलं तर तुझी ती बॅग माळ्यावर जाईल ती कायमची. कबूल?"

मी देवमातेच्या तसबिरीसमोर कबूल म्हटलं. सत्तरीच्या बाईने असल्या शपथा घेऊ नयेत. पण मला वाटलं, कोणाला आवडणार नाही? जहाजावर सकाळी उठल्यावर "आज काय करायचं?" असं कोणी विचारलं, तर त्याचा अर्थ भाजी नसतो. एवढ्या एका सुखासाठी मी वर्षभर घरात राबू शकते.

एरवी मी जहाज आमच्या सान हुआनहूनच धरते, या वेळी मायामीहून धरलं, कारण लेक तिकडे राहते. तिनेच तिकिटं काढली. मी बेर्तोला बजावलं होतं, तापणारी कुठलीही वस्तू बरोबर घेऊ नकोस, तपासणीत काढून घेतात. त्याने आपलं विजेवरचं कॉफीचं भांडं सहा बनियनांत गुंडाळून आणलं. तपासणीच्या बाईने सहाही बनियनं एकेक करून सगळ्या रांगेसमोर उलगडली. भांडं गेलं. बेर्तोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चुगली केली होती.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. पहिल्या दिवशी सगळे वरच्या मजल्यावर जेवायला धावतात. खालचं शांत जेवणघर उघडं असतं हे फार थोड्यांना ठाऊक. मी त्याला तिथे घेऊन गेले. तो दारातूनच माघारी फिरला. "जिथे रांग नाही तिथलं अन्न बरं नसतं." वर चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिला आणि बशीभर कलिंगड घेऊन आला. जहाजात भिंती लोखंडाच्या आणि दारं सगळी एकसारखी, म्हणून मी आमच्या दारावर चुंबकाचा एक बेडूक लावते. "बालवाडी आहे का ही?" म्हणून त्याने तो काढून खिशात टाकला. त्याच संध्याकाळी तो एका कॅनडियन आजीबाईंच्या दाराशी दहा मिनिटं कार्ड घासत होता. आजीबाईंनी दार उघडलं तर हा त्यांनाच विचारतो, "तुम्ही आमच्या खोलीत काय करताय?"

आणि घड्याळ! माझा सगळ्यात मोठा नियम तो. हिवाळ्यात मायामीचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे असतं, आणि जहाज चालतं मायामीच्या वेळेवर. कुठल्याही बेटावर उतरा, मनगटावर जहाजाचीच वेळ ठेवा. हे मी त्याला विमानात सांगितलं, जेवताना सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं. प्रत्येक वेळी तो "हं" म्हणाला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला तो "हं" पाठ आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज सान हुआनला लागलं. म्हणजे आमच्याच दारात. धक्क्यावरून होडी पकडली की दहा मिनिटांत खाडीपलीकडे कातान्यो.

"घरी जाऊ या," बेर्तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव होता.

मी काय समजायचं ते समजले. सफरीला निघालेला माणूस मधेच स्वतःच्या स्वयंपाकघरात उतरायला निघतो, तेव्हा निकाल लागलेलाच असतो. "साडेतीनला परत जहाजावर हवं," मी म्हणाले. "हं," तो म्हणाला.

घरी पोचल्याबरोबर तो आधी कोंबड्यांकडे गेला. शेजारीण त्यांना वेळेवर दाणे घालत होती, तरी त्याने एकेकीची चौकशी केली. जुन्या भांड्यात कॉफी केली, लागोपाठ तीन कप प्यायला. मी तुरीचे दाणे घालून भात केला, तो त्याने घास मोजल्यासारखा शांतपणे खाल्ला आणि आपल्या पलंगावर जाऊन घोरायला लागला. मी भांडी घासली. सफरीच्या दिवशी मी भांडी घासत होते, आणि पुढेही जन्मभर घासणार होते.

"नेरे!" आतून किंकाळी आली. "अगं पावणेचार वाजले! जहाज गेलं!"

भिंतीवरच्या घड्याळात खरंच पावणेचार झाले होते. मी मनगटाकडे बघितलं. पावणेतीन. तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मला त्याचं तोंड बघायचं होतं. तो खूश झालेला दिसला असता, तर मी त्याच क्षणी शिडी लावून बॅग माळ्यावर टाकली असती.

तो पलंगाच्या कडेला बसला होता. एका पायात बूट, दुसरा बूट हातात. तोंड साफ उतरलेलं.

"आता गं काय करायचं?"

"काय करायचंय? तुला बरंच झालं की."

"बरं काय झालं? उद्या कुठे थांबणार ते? सेंट थॉमस ना? मग विमानाने तुला तिथे गाठता येईल. पासपोर्ट काढ तुझा."

"माझा? आणि तुझा?"

तो बूट उलटासुलटा करून बघत राहिला. "मला नाही आवडलं, नेरे. छत केवढं बुटकं. कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. नाही आवडलं."

"मग अट?"

"अट गेली चुलीत. परवा रात्री त्या जेवणघरात तू त्या कॅनडियन म्हातारीला काहीतरी सांगत होतीस आणि हसून हसून डोळे पुसत होतीस. घरात तू कधी अशी हसलीस? मी म्हटलं, ही बॅग माळ्यावर टाकली तर त्या बॅगेबरोबर हीपण जायची माळ्यावर."

तोच पुढे म्हणाला, "खरं सांगू? मी आलो ते बघायलाच. एवढं आहे तरी काय आत, की तू बाहेर बघतसुद्धा नाहीस."

"बाहेर कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. आपल्या बंधाऱ्यावर. तुझं जहाज निघालं की मी तिथे उभा असतो. टॉवेल हलवतो."

"कधी?"

"कधी काय? सव्वीस वेळा. पहिल्या वेळी वाटलं, गर्दीत दिसली नसेल. मग वाटलं, आत जायची घाई असेल. नंतर सवयीने जायचो."

"अरे मग सांगायचंस ना!"

"त्यात सांगायचं काय? दिसेल असं वाटायचं."

मी त्याच्या शेजारी बसले. कारण त्या सव्वीस वेळा मी कुठे होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. सान हुआनहून जहाज निघालं की उजव्या हाताला किल्ला लागतो. सगळी गर्दी उजवीकडे. आणि मी जाणकार बाई, अनोळखी माणसांना हात धरून तिकडे ओढायची. "या बाजूला या हो! डावीकडे बघण्यासारखं काही नाही, नुसतं आमचं गाव आहे."

मी माझं मनगट त्याच्यासमोर धरलं. त्याने ते बघितलं, भिंत बघितली, पुन्हा मनगट बघितलं.

"पावणेतीन? म्हणजे इतका वेळ तू..."

"तीन वेळा सांगितलं होतं."

"म्हातारे, नरकात तुझ्यासाठी वेगळी खोली ठेवली असेल त्यांनी!"

"मध्यावरची असली तर बरं. खालचा मजला तर आहेच."

तो हसला. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. ते त्याला दिसलं असावं, कारण त्याने तो बूट पायात घालायचा सोडून खाली ठेवून दिला.

"चल रे," मी म्हणाले. "वेळ आहे. दोघंही जाऊ."

"नको. मी तिथे आलो तर इथे उभं कोण राहणार?"

होडीने मी एकटीच परत आले. प्रवास अर्धवट सोडणाऱ्या माणसाचं नाव कचेरीत कळवावं लागतं. हा नियम मात्र कोणाला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पोरसवदा अधिकाऱ्याने अर्ज पुढे केला. "बाई, कारण काय लिहू?"

"कोंबड्या," मी म्हणाले. त्याने तसंच लिहिलं.

जहाज हललं. सगळा जमाव उजवीकडे लोटला. मी डावीकडे गेले. तिथे मी, एक झोपलेला म्हातारा आणि रिकाम्या खुर्च्या. एका बाईंना माझी दया आली. "अहो, किल्ला त्या बाजूला आहे!"

"माहीत आहे मला," मी म्हणाले. इतकं तोडून बोलायला नको होतं.

बंधाऱ्यावर मुंगीएवढी माणसं दिसत होती. त्यातल्या एकाच्या हातात काहीतरी पिवळं फडफडत होतं. तो माझा पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल होता. सव्वीस वेळा तो धुवायला कसा निघाला, ते मला आता कळलं. तेवढ्यात फोन वाजला.

"नेरे, तू कुठली?"

"जी रडतेय ती."

"इथून कसं कळणार ते? हात हलव."

मी दोन्ही हात हलवले. मग गळ्यातला रुमाल काढून हलवला. मग कठड्याच्या खालच्या गजावर चढले, जे कोणीही कधीही करू नये, आणि वेड्यासारखी ओरडत हलवत राहिले. झोपलेला म्हातारा दचकून जागा झाला.

"दिसलीस," बेर्तो म्हणाला. "दिसलीस गं. उतर आता खाली, पडशील."