कोंडिबाचा हात

नांद्याच्या कोंडिबा कुंभाराचं मडकं कधी तडकत नाही, अशी ख्याती होती, आणि ती पसरवायचं काम कोंडिबा स्वतःच करायचा. त्याची बायको गंगूबाई ते ऐकून मनातल्या मनात थुंकायची.

समोरच्या टॉवरमधली क्षितिजा रांजण करून घ्यायला आली. मोबाइल त्याच्यासमोर धरून तिनं विचारलं, "आजोबा, एवढी भरड माती, तरी तडे कसे जात नाहीत?"

"हात लागतो त्याला," कोंडिबा मिशीवरून बोट फिरवत म्हणाला. "द्येवानं दिल्याला हात."

"आणि आजी काय करतात?"

"ती व्हय? ती माती तुडवती."

गंगूबाईचं डोकं सणकलं. खडे वेचून लीद-राख मिसळायची तिनं. चाकावरून उतरलेल्या मडक्याचं बूड थापून घट्ट करायचं तिनं. वाळून आकसताना भुईला चिकटून फाटू नये म्हणून खाली राख पसरायची, काठ बुडाच्या आधी वाळू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळायचं, तेही तिनंच. हा बाबा चाकावरून उठला की तंबाखू मळायला मोकळा. पुढं मडक्याचं काय होतं, हे त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

बघूच आता देवानं दिलेला हात, ती मनाशी म्हणाली.

रांजण झकास उतरला. तिनं त्याला बोट लावलं नाही. त्याच गोळ्यातल्या उरलेल्या मातीची त्यानं केलेली घागर तेवढी उचलून घरामागच्या परड्यात नेली. कोंडिबानं रांजण दारात, वाऱ्याच्या तोंडी, भुईवर तसाच टेकवला आणि ऐटीत आडवा झाला. दुसऱ्या दिवशी काठ पांढरा पडला, बूड अजून काळंओलं. गंगूबाईचा हात आपसूक फडक्याकडे गेला. माती तिच्या घामाची होती, तिला वाईट वाटलं. पण ते 'तुडवती' आठवलं आणि तिनं हात पदराखाली घेतला.

रविवारी क्षितिजा आली, तोवर रांजण काठापासून बुडापर्यंत उलला होता.

कोंडिबानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. "मातीच खराब," तो म्हणाला. "हिनं नीट तुडवली न्हाई."

गंगूबाई परड्यात गेली आणि घागर आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर केसाएवढी रेघ नव्हती. "ह्याच मातीची हाय. ही मी वाळवली."

कोंडिबा तंबाखूची डबी शोधू लागला. क्षितिजानं घाईघाईनं मोबाइल तिच्याकडे वळवला. "आजी, तुम्हीच सांगा ना, तडकू नये म्हणून काय करायचं?"

"मला काय इचारतीस? मी माती तुडवती. ह्यांच्या हाताला इचार."

मग तिनं रांजण माती तुडवायच्या खड्ड्यात लोटला, वरून पाणी ओतलं आणि लुगडं खोचून त्याच्यावर पाय दिला.