फेस बसायच्या आत

असं पुढं सरका, माउली. मागं बसलं की निम्मं कीर्तन मृदंगाच्या आवाजातच जातं. आज अभंग नाही, निरूपण नाही. गोरेगाव नावाच्या खेड्यातली एक गोष्ट सांगतो. दोन मित्रांची, आणि त्यांच्या मधे येऊन बसलेल्या एका कपाची. गोष्ट मुठीएवढी आहे, पण कान देऊन ऐका.

ज्ञानबा शेळ्यामेंढ्यांचा माणूस. अमृतराव एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त; त्याचं घर बुद्धविहाराला लागून. शाळेत दोघं एका तरटावर बसलेले, म्हणून साठी उलटली तरी एकमेकांना ज्ञान्या आणि अमृत्याच म्हणायचे. रोज सकाळी ज्ञानबा शेळीच्या दुधाची चरवी घेऊन अमृतरावाकडं जायचा आणि त्यातल्याच दुधाचा चहा दोघं पडवीत बसून प्यायचे. पद्माबाई, म्हणजे अमृतरावाची बायको, होती तोवर ती करायची. ती गेल्यावर अमृतराव स्वतः करू लागला. चहा कसाही होवो, ज्ञानबा शेवटचा थेंब पिऊन कप उलटा करून दाखवायचा.

असं चाललेलं असताना ज्ञानबा गयेला गेला. आईचं पिंडदान राहून गेलं होतं. तिथं रीत अशी की पितरांच्या नावानं आपली एक आवडती वस्तू सोडायची. पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही. पण माणूस देवापुढंही हुशारी सोडत नाही. संगतीच्या गावकऱ्यांत कुणी कारलं सोडलं, कुणी दोडका. एकानं तर कधी न चाखलेला फणस सोडला आणि मोठ्या समाधानानं कपाळाला गंध लावून घेतलं. ज्ञानबाची पाळी आली. त्याला आयुष्यात खरी आवड एकाच गोष्टीची होती. त्यानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात चहा सोडला.

मनातल्या मनात अशासाठी की, सप्त्यात महाराजांच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं: दिलेलं दान आणि सोडलेली वस्तू बोलून दाखवली की तिचं पुण्य उडून जातं. हे पुण्य तर आईचं होतं. म्हणून त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. "पित्त वाढलंय," म्हणाला. चंद्रभागाबाई बिचारी रोज जिऱ्याचं पाणी करून द्यायला लागली, आणि ते त्याला प्यावं लागायचं.

येताना तो बोधगयेलाही गेला होता. अमृतरावासाठी त्यानं तिथल्या पिंपळाचं गळालेलं पान आणलं. अमृतरावानं ते कपाळाला लावलं, लगबगीनं चुलीकडं गेला, चहा घेऊन आला. ज्ञानबा म्हणाला, "नको रे, पित्त हाय."

एक दिवस पित्त, दोन दिवस पित्त. महिने गेले तरी पित्त. मग एका बाजाराच्या दिवशी ज्ञानबा हॉटेलच्या बाकड्यावर कागदी कपात चहाऐवजी गरम दूध पीत बसला असताना रस्त्यापलीकडून अमृतराव चालला होता. ज्ञानबानं हात वर केला. अमृतरावानं त्याच्या हातातल्या कपाकडं पाहिलं आणि तो वळून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून आवाज आला, "ठेवा चरवी ओट्यावर, ज्ञानोबाराव."

ज्ञानोबाराव! आणि वर "ठेवा"!

घरी जाता जाता ज्ञानबाच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या आज्याच्या काळी अमृतरावाच्या घरचं पाणी त्याच्या घराला चालत नव्हतं. गावात ही गोष्ट कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही. गयेहून धर्म करून आलेला माणूस हॉटेलात कप तोंडाला लावतो आणि मित्राच्या घरी लावत नाही, याचा अर्थ अमृतरावानं लावायचा तोच लावला होता. आता सांगावं, तर आईचं पुण्य जातं. न सांगावं, तर मित्र जातो. ज्ञानबा रोज चरवी ओट्यावर ठेवायचा आणि रोज उद्यावर ढकलायचा.

अशात अमृतरावाची लेक दीक्षा पुण्याहून आली. कंपनीचं काम घरूनच करायचं होतं, म्हणून महिनाभर राहणार होती. येताना तिनं कॉफीचं लहानसं यंत्र आणलं होतं, हातानं दाबायचं, लाइट गेली तरी चालणारं. एके सकाळी ज्ञानबा चरवी ठेवून वळला, तोच तिनं हाक मारली, "काका, आत या की. तुमच्या दुधाची करामत दाखवते."

पडवीत पेपर वाचत बसलेला अमृतराव म्हणाला, "काहून आग्रह करून राहिली? त्यांला पित्त हाय. बराबर आपल्या उंबऱ्यावर आलं की उठतं ते."

 ज्ञानबा पायातल्या वहाणा काढून पडवीत गेला.

दीक्षानं हातचक्कीत मूठभर बिया दळल्या. पूड यंत्रात दाबून बसवली, वर कढत पाणी ओतलं आणि दोन्ही दांड्या जोर लावून खाली आणल्या. खालच्या कपात मधासारखी धार पडली. कपाचा तळ तेवढा भरला.

"घ्या. एस्प्रेसो."

"एवढीच? अगं, मेंढराला औषध पाजतो ते बी याच्यापरीस जास्त असतं."

"एवढीच असते, काका. घोटभर."

चहा सोडलाय, कॉफी नाही, असं ज्ञानबा मनाशी म्हणाला आणि घोट घेतला. कडुनिंबाचा काढा बरा! त्याला फार बरं वाटलं. जे आवडलंच नाही त्यानं व्रत कसं मोडेल? त्यानं उरलेलाही घोट गिळला. पेपराच्या वरून अमृतरावाचे डोळे दिसले.

"पित्त?"

"हाय की."

"आता खरी गंमत," दीक्षा म्हणाली. दूध तिनं नुसतं गरम केलं, उकळू दिलं नाही. मग काचेच्या भांड्यात ओतून जाळीची दांडी भराभर वरखाली केली. दूध फुगून दुप्पट झालं. दुसरी कॉफी दाबून तिनं त्यात साखर घातली आणि वर ते दूध सोडलं. "शेळीच्या दुधाला फेस झकास येतो, पण टिकत नाही. बसायच्या आत प्या."

ज्ञानबानं कप तोंडाला लावला. आवडली. अशी आवडली की मिशीला लागलेला फेससुद्धा त्यानं जिभेनं ओढून घेतला. आणि तिथंच तो थबकला. सकाळची वेळ, हीच पडवी, समोर अमृत्या, हातात गोड गरम कप. गयेला सोडलं होतं ते याच्याहून वेगळं काय होतं? नाव बदललं म्हणून काय झालं?

त्यानं कप खाली ठेवला. फेसातले बुडबुडे एकेक फुटायला लागले.

अमृतरावानं पेपराची घडी घातली. "उचल गं पोरी तो कप. ज्ञानोबारावांचा कप फक्त हॉटेलात रिकामा होतो. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय."

"ते दूध व्हतं."

"दूध! दारात शेळ्यांचं खांड बांधलेला माणूस हॉटेलात इकत दूध पितो? कंडक्टर व्हतो मी. असल्या लई गोष्टी ऐकल्यात बिगरतिकिटवाल्यांच्या."

दीक्षानं कप उचलला नाही. ती सरळ ज्ञानबासमोर बसली. "काका, एकदाच विचारते. आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का आता?"

पोरीचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ज्ञानबाला तो सहन झाला नाही. त्यानं मनात आईला हात जोडले आणि तोंड उघडलं.

"गयेला चहा सोडला मी. मायच्या नावानं. बोलून दाखवलं तर तिचं पुण्य जातं, म्हणून गप व्हतो. तुमच्याच घरचा न्हाई, जगातला सोडला."

 अमृतराव म्हणाला, "समद्या गावानं कारलं सोडलं, आन् तू चहा?"

"मायला खोटं कसं सांगावं?"

"आन् मी?"

"तू काय?"

"चहा तू सोडला. इथं रोज सकाळी दोन कप भरून दुसरा मोरीत मी ओतला. आज तरी पेशील, आज तरी पेशील म्हणून. गयेला मी आलतो का तुझ्यासंगं?"

 इतके दिवस ज्ञानबा आपलं सोडणं तेवढं मोजत होता. त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर पडला असेल, हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं.

त्यानं कप पुन्हा उचलला. फेस बसून कडेला पांढरी रेघ राहिली होती.

"निवली काका, दुसरी करते."

"राहू दे."

तो सावकाश प्याला. थंड झाली होती तरी आवडली, आणि आवडते आहे हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. आईचं काय, ते आई बघून घेईल, असं त्याला वाटलं. माय होती ती, सावकार नव्हती. त्यानं कप उलटा करून दाखवला.

"पित्त?" अमृतरावानं विचारलं.

"वाढलंय."

"वाढू दे, ज्ञान्या. दीक्षा, ह्याला आणखी एक दे. आन् आता फेस बसायच्या आत पी, मड्या."

चहा ज्ञानबानं आजवर तोंडाला लावलेला नाही. कॉफी मात्र एकाच घरी घेतो. गयेचं त्याचं पुण्य उरलं की गेलं, याचा हिशोब पांडुरंगापाशी. तुमचं माझं ते काम नव्हे.

माउली, ज्यानं सोडलं त्याचं नाव गाणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही घरी जाल, कुणी न पिताच ठेवून गेलेला कप उचलाल, तेव्हा एवढं करा. रोज सकाळी दुसरा कप भरत राहिलेल्या त्या अमृतरावाला आठवा.