मिशीवाले चेंडू

काकाने चेंडू कापला आणि त्याच्या डोळ्यात रस उडाला.

आता गोल्फच्या चेंडूत रस नसतो. आत घट्ट रबराचा गोळा असतो, त्यावर प्लॅस्टिकची साल आणि सालीवर पांढरा रंग. एवढं तर आमच्या कारखान्यातल्या मांजरालाही माहीत आहे. पण काका एक डोळा हाताने दाबून, उरलेल्या डोळ्याने त्या कापलेल्या अर्धुकाकडे बघत किंचाळला, "लिंबू! दादा, हे लिंबू आहे! ताईने लिंबू रंगवलंय!"

मी वास घेऊन बघितला. लिंबूच होतं. रंग मात्र त्यावर सुरेख बसला होता.

कारखाना घरचाच आहे. बाबा मालक. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, तपासणीचा प्रमुख. समोर येईल तो माल नाकारायचा हा त्याचा स्वभाव, म्हणून कामगार त्याला मागे नापासकाका म्हणतात आणि तो नसला की पुढेही म्हणतात. दोघांची मोठी बहीण म्हणजे आत्या, ती रंगखात्यात. आणि मी बाबांची मुलगी, रंगवलेल्या चेंडूवर गिऱ्हाईकाचं चिन्ह छापते. आमच्यापैकी कुणीही आजवर गोल्फ खेळलेलं नाही. नळाला पाणी नसतानाही गवताला पाणी घालायचं आणि मग त्यावर काठी घेऊन फिरायला जायचं, एवढीच त्या खेळाची आम्हाला माहिती. चेंडू मात्र आम्ही नंबर एक करतो. त्याच्या अंगावर बारीक बारीक खड्डे असतात, त्या खड्ड्यांमुळे तो लांब जातो. आमच्या रस्त्यावरही खड्डे आहेत, पण त्यांच्यामुळे कुणी लांब गेल्याचं ऐकिवात नाही.

आत्याची नजर अधू झाल्याला बरेच दिवस झाले होते. चष्मा लाव म्हटलं की ती म्हणायची, "चष्म्यात मी म्हातारी दिसते." ती सत्तरीला आली होती, पण हे तिला कोण सांगणार?

"ताई," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, कारण तिच्या तोंडाकडे बघून असलं काही बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. "उद्यापासून तू रंगखात्यात यायचं नाहीस."

"मोठ्या, माझ्या ट्रेमध्ये लिंबू आलं कुठून, ते विचार आधी."

"ते माझं होतं," काका म्हणाला. तो हल्ली वजन उतरवायला रोज लिंबूपाणी प्यायचा आणि केबिनमध्ये व्यायामाची सायकल चालवायचा. "मी जरा ठेवलं होतं तिथे. पण लिंबू कुठलं आणि चेंडू कुठला, एवढंही कळू नये?"

"तुझं डोकं आणि भोपळा यातलाही फरक मला कधी कळला नाही, छोट्या. तरी मी तुला दादाच्या धंद्यात राहू दिलं ना?"

सगळे हसले. पण आत्या हसली नाही. तिने फवाऱ्याची नळी खुंटीला अडकवली, तोंडावरचं फडकं सोडलं आणि निघाली. आजोबांच्या वेळेपासून ती खोली तिची होती. तिथे तिच्या परवानगीशिवाय माशीसुद्धा बसत नसे, आणि बसलीच तर पांढरी होऊन उडायची. आता दिवसभर घरी, आईबरोबर, एका स्वयंपाकघरात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि आमचं म्यान तर फारच अरुंद.

काकाने त्याच घाण्यातले आणखी चेंडू कापले. ते चेंडूच निघाले, पण एका बाजूला रंग इतका जाड बसला होता की खड्डे पार बुजून गेले होते. अर्धा चेंडू आणि अर्धी गोटी.

"नापास! सगळे नापास!" काका आनंदाने म्हणाला.

"अरे, पण यातलीच एक पेटी सकाळी अध्यक्षांकडे गेली," बाबा मटकन खाली बसले.

अध्यक्ष म्हणजे शहरातल्या गोल्फ क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या वार्षिक सामन्याचे सगळे चेंडू आमच्याकडून जाणार होते आणि प्रत्येक चेंडूवर त्यांचा स्वतःचा चेहरा हवा होता, मिशीसकट. ती मिशी छापताना माझा जीव जायचा. खड्ड्यांवर छापली की ती कसर लागल्यासारखी दिसायची. म्हणून त्या घाण्यात मला एक बाजू गुळगुळीत सापडली तेव्हा मी काही विचारलं नाही, देवाचे आभार मानले आणि प्रत्येक मिशी त्याच बाजूला छापली.

दोन दिवसांनी अध्यक्षांची गाडी दारात उभी राहिली. बाबांनी आधी देवाला हात जोडले, मग त्यांना. अध्यक्ष उतरले, बाबांकडे धावत आले आणि त्यांनी बाबांना कडकडून मिठी मारली.

"सरळ!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. "सरळ गेला हो!"

"कोण?" बाबा गुदमरत म्हणाले.

"चेंडू! अहो, आयुष्यभर माझा चेंडू उजवीकडे जातो. तळ्यात जातो, झाडीत जातो. एकदा तर शेजारच्या लग्नाच्या मांडवात गेला. तुमचा चेंडू सरळ गेला. चला, दाखवतो."

कारखान्यामागे मोकळं मैदान आहे. त्यांनी आधी आमचा नेहमीचा चेंडू ठेवला आणि काठी फिरवली. चेंडू निघाला सरळ, मग काही आठवल्यासारखा उजवीकडे वळला आणि वळतच गेला. तिकडे बऱ्याच अंतरावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात, काकाची गाडी उभी होती. खळ्ळकन आवाज झाला.

"पाहिलंत?" अध्यक्ष म्हणाले. "आता हा." त्यांनी मिशीवाला चेंडू ठेवला. मिशी स्वतःपासून पलीकडे वळवली.

"तोंड तिकडे का?" मी विचारलं.

"समोर लोक उभे असतात ना, त्यांना दिसायला नको? आणि स्वतःच्या तोंडाकडे बघत काठी कोण मारेल?"

काठी फिरली. मिशी सुताने आखल्यासारखी सरळ गेली, थेट मैदानाच्या टोकाला.

"सामन्याचे सगळे चेंडू अगदी असेच द्या," अध्यक्ष म्हणाले. "यात उन्नीस-बीस झालं तर याद राखा. दुसरा कारखाना बघेन."

ते गेल्यावर काकाने फुटक्या काचेकडे बघत आम्हाला शास्त्र सांगितलं. खड्ड्यांच्या बाजूला हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूला लवकर सुटते, त्यामुळे चेंडू खड्ड्यांच्या बाजूला ओढला जातो. अध्यक्षांचा हात चेंडूला उजवीकडे नेतो, आत्याचा रंग डावीकडे ओढतो. थोडक्यात, दोन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि चेंडू सरळ गेला.

"सोपं आहे," काका म्हणाला. "मी करून दाखवतो. तिच्या पहिल्या रांगेवरचं काही नको, दुसऱ्या रांगेवर करू."

दुसऱ्या रांगेवरच्या रंगाऱ्याला त्याने सांगितलं, एका बाजूने जाड मार. रंगाऱ्याने मारला. तीस वर्षं सरळ काम केलेल्या माणसाला वाकडं काम सांगितलं की तो बिथरतो. रंगाचे ओघळ आले, चेंडू वितळलेल्या मेणबत्तीसारखे दिसायला लागले. तरी अध्यक्षांकडे नमुना गेला. त्यातला एक चेंडू हवेत मोठी गिरकी घेऊन परत आला आणि त्यांची टोपी उडवून गेला. त्यांचा फोन आला तेव्हा बाबांनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"ताईला आणा," बाबा म्हणाले.

मी आणि बाबा घरी गेलो. दार आईने उघडलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. "घेऊन जा हो हिला," ती कुजबुजली. "चष्मा केलाय हिने. कालपासून माझ्या कपाटावरची जळमटं मला बोटाने दाखवतेय."

आत्या आत खुर्चीत बसली होती. नाकावर जाड काचांचा नवा चष्मा, आणि त्यामागे दोन प्रचंड डोळे.

"ये मोठ्या. अरे, केवढा म्हातारा झालास रे तू! मला कुणी बोललंच नाही."

"ताई, चल कारखान्यात."

"का? लिंबं संपली?"

बाबांनी सगळं सांगितलं. मिठी, मिशी, टोपी. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आधी केले तसेच हवेत."

"तसेच."

"मग चष्मा लावून येऊ की काढून?"

बाबा चुळबुळले. "म्हणजे... जमलं तर... काढून."

"इतकी वर्षं लाव लाव म्हणून डोकं खाल्लंत, आणि पैसे भरून केला तर आता काढ? लावूनच येईन. यायचं तर ये म्हण, नाहीतर तुझ्या बायकोची माळ्यावरची भांडी अजून बघायची राहिलीत."

"ये! ये!" आई आतून ओरडली.

आत्या रंगखात्यात शिरली तेव्हा सगळे कामगार कडेला उभे होते. काका हाताची घडी घालून आला होता. तिने तोंडाला फडकं बांधलं, आपली पहिली रांग चालू केली आणि नळी उचलली. आमच्याकडे प्रत्येक चेंडू तीन सुयांच्या स्टँडवर ठेवतात. साखळी ते स्टँड फवाऱ्यासमोरून पुढे नेते आणि जाता जाता स्टँड स्वतःभोवती गरागरा फिरतो, म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसतो. आत्याने नळी धरली आणि तशीच खाली घेतली.

"बंद करा. मोठ्या, इकडे ये. हे फिरत का नाहीत रे?"

बाबा वाकले. मी वाकले. स्टँड पुढे जात होते, पण जिथल्या तिथे ठार उभे. त्यांना फिरवणारा रबरी पट्टा खाली असतो. तिथे पट्टाच नव्हता.

"पट्टा कुठे गेला?" बाबा म्हणाले.

एकेक करून सगळ्यांच्या माना काकाच्या केबिनकडे वळल्या. दार उघडं होतं. आत व्यायामाची सायकल उभी होती आणि तिच्या चाकावर आमचा पट्टा अगदी मापात बसवलेला होता.

"दोन दिवसांसाठी घेतला होता," काका म्हणाला. "सायकलचा तुटला म्हणून. परत लावणारच होतो. आणि ताईला कुठे दिसणार आहे, म्हटलं..."

त्याने जीभ चावली, पण उशिरा.

"लिंबू तुझं," आत्या म्हणाली. "पट्टा तू नेलास. आणि घरी मी बसले."

"तुला लिंबू ओळखता आलं नाही, हे तर खरं ना?" काका पुटपुटला.

"खरं आहे. माझे डोळे गेले होते. आता आलेत. तुझी लाज कधी येतेय, त्याची वाट बघते."

बाबा लालबुंद झाले. "छोट्या, आत्ताच्या आत्ता तो पट्टा काढ आणि इथे... नको! थांब! हात लावू नकोस! सामना होईपर्यंत पट्टा सायकललाच राहू दे!"

"मग मी काय करू?" काकाने विचारलं.

"सायकल चालव," आत्या म्हणाली. "तेवढाच हलका होशील. आणि मोठ्या, माझं ऐकून घे. रंगखातं माझं. आणि हा प्रत्येक चेंडू हाताने तपासेल. एका बाजूला बुजलेला असला की तोंडाने पास म्हणेल. मोठ्याने."

"बुजलेल्याला पास?" काकाचा आवाज चिरकला. उभ्या आयुष्यात त्याने हा शब्द कामावर उच्चारला नव्हता. पण बाबांनी नुसतं बघितलं आणि तो स्टुलावर बसला.

आत्याने रंगवायचं, मी मिशी छापायची, काकाने बघायचं. पहिला चेंडू त्याने बराच वेळ फिरवून पाहिला. घशात काटा अडकावा तसं तोंड केलं. "पा... पास." कामगारांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला थोडं सोपं गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तर तो सुरात यायला लागला. जेवणानंतर त्याचे डोळे मिटत होते, हात आपोआप चालत होता आणि तोंड "पास, पास, पास" म्हणत होतं, देवळातल्या भटजीसारखं.

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पदराखालून एक वस्तू काढून स्टँडवर ठेवली. रंगाचे दोन हात दिले. सुकल्यावर ती माझ्या हातात आली. मी मिशी छापली. खरं सांगते, अध्यक्षांची मिशी इतकी देखणी कशावरच उठली नव्हती.

मी ती काकाकडे सरकवली.

"पास," काका म्हणाला.

आत्याने रांग बंद केली. त्या शांततेत काकाने डोळे उघडले. आत्या त्याच्या टेबलाशी गेली, त्याचीच सुरी उचलली आणि अध्यक्षांचा चेहरा मिशीच्या बरोबर मधून कापला. बघायला बाबा पुढे वाकले होते. या वेळी रस त्यांच्या डोळ्यात उडाला.

"आई गं!" बाबा ओरडले. मग डोळा दाबून, उरलेल्या डोळ्याने त्यांनी ते अर्धुक पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "उद्यापासून रंगखात्यात—"

"हं?" आत्या म्हणाली.

"—लवकर ये, ताई. काम खूप आहे."

आत्याने मान डोलावली. मग नाकावरचा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि तो काकाच्या नाकावर चढवला.

"घे, तुलाच राहू दे," ती म्हणाली. "मी नाहीतरी त्यात म्हातारीच दिसते."