बाबांची फेरपरीक्षा

“असं नाही, बाबा! पहिले काठी आडवी, मंग बोलाचं!”

मी खुर्चीवर बसून ताटलीचं स्टिअरिंग फिरवत होते आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात काठी घेऊन उभे होते. मी तोंडानंच हॉर्न वाजवला. बाबांनी दार उघडून कडक सलाम ठोकला.

“झालं! पुन्हा नापास!”

“अवं, पन मालकाची गाडी हाये म्हनली ना तू?”

माझे बाबा, धर्मपाल मुनेश्वर, महागावच्या एका कापसाच्या जिनिंगवर बारा वर्षांपासून गार्ड आहेत. नुसत्या हॉर्नवरून गाडी कुणाची ते ओळखतात आणि ती वळायच्या आत फाटक उघडून ठेवतात. या गुणापायीच ते गेल्या आठवड्यात नापास झाले. मालकाच्या गाडीत मालक नव्हतेच, मागच्या सीटवर परीक्षक बसलेले!

गार्डांच्या परवान्याचे नियम सारखे बदलतात. आधी पोलीस पडताळणी पुरायची. मग फोटोचं कार्ड आलं, मग उंची-छाती मोजली. आता जुनं प्रशिक्षण बाद. नवी परीक्षा पास व्हा, नाहीतर वर्दी जमा करा. एजन्सीचे हे सगळे मेसेज बाबांना मीच वाचून दाखवते. दहावीत आहे मी. घरातलं कायदेखातं माझ्याकडे!

“उद्या फेरपरीक्षेत कोनीबी येऊ द्या. कार्ड नाही, त आत नाही. समजलं?”

“समजलं, मास्तरीनबाई.”

दुसऱ्या दिवशी वर्गात जीव थाऱ्यावर नव्हता. मधल्या सुट्टीत मी रोज डबा घेऊन जिनिंगवर जाते, फाटकाच्या फटीतून आत शिरते आणि लिंबाखाली आम्ही दोघं जेवतो. आज घंटा वाजताच धावत सुटले. परीक्षक वजनकाट्याजवळ बसलेले दिसले. मी फटीत डोकं घातलं आणि काठी आडवी आली.

“थांबा. ओळखपत्र दाखवा.”

“बाबा, मी हाये ना!”

कार्ड दप्तरात, दप्तर वर्गात.

“कार्ड नाही, त आत नाही. नाव सांगा तुमचं.”

तुमचं! जन्मात पहिल्यांदा.

“अर्पिता धर्मपाल मुनेश्वर.”

त्यांनी वहीत एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

“कोनाले भेटाचं हाये?”

“धर्मपाल मुनेश्वरले.”

“काम?”

“डबा.”

परीक्षक हसले, कागदावर सही केली आणि ऑफिसात गेले. मी तिथंच उडी मारली.

“पास! बाबा, पास झाले तुमी! आता उघडा ना.”

बाबांनी लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाहेरच्या मानसाले आत बसता येत नाही, पोरी. नवा नियम हाये. तूच त वाचून दाखवला.”

मी डबा पुढे केला.

त्यांनी गजांमधून डबा घेतला आणि फाटकाला खांदा टेकवून उभ्यानंच उघडला. भाकर मोडली. मोठा तुकडा गजांतून माझ्या हातात दिला.