गळ्याची वाट पाहणारी करडगी

सुपारीपेक्षा थोडी मोठी आहे मी, आणि बरीच जुनी. मित्रांनो, मी चांदीची करडगी. लिंगायत घरांत इष्टलिंग ज्या डबीत ठेवून गळ्यात घालतात, ती डबी. त्यातही मी लहान मुलांची. मूल जन्मलं की स्वामी येऊन लिंग बांधतात, ते माझ्यात ठेवतात. मूल मोठं झालं की त्याला मोठी करडगी मिळते आणि माझी रवानगी देवघरातल्या डब्यात होते.

बसवकल्याणच्या एका सोनाराने मला घडवलं. जनवाड्याच्या या घरात आधी वीरभद्रप्पा मला गळ्यात घालून रांगले, मग त्यांचा मुलगा संगमेश. या संगमेशने मला चावून चावून पोचा पाडला. पाहुणे माझ्या घडणीचं कौतुक करायचे. पण खरं सांगते, मला त्या पोराची लाळच जास्त आवडायची. पुढे वीरभद्रप्पा गेले. संगमेश बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, वर्षं सरली. मी डब्यात काळी पडत गेले. अंगाला अंग लागलं नाही की चांदी काळवंडतेच.

यंदा संक्रांतीनंतर डबा उघडला. संगमेशची आई चन्नव्वा मला चिंचेने घासू लागली. तिची सून भुवनेश्वरी शेजारी उभी होती, हसू काही आवरत नव्हतं तिला. पाळी चुकली होती आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या.

"आता तीन महिने तोंडातून शब्द काढायचा न्हाई," चन्नव्वा म्हणाली. "दृष्ट लागती. कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हण."

आमच्याकडे रीतच आहे ती. भुवनेश्वरीने मला पदराच्या गाठीत बांधलं. कितीतरी वर्षांनी मला माणसाची ऊब मिळाली. मी मनातल्या मनात बाळाचा गळाही मोजून ठेवला!

पण आठवड्याभरातच तिच्या पोटात एका बाजूला दुखू लागलं, थोडं रक्तही दिसलं. संगमेश दोघींना घेऊन बिदरला गेला. तिथल्या डॉक्टर विभा मॅडमनी सोनोग्राफी केली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"पिशवीत अजून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित दिवस फार थोडे झाले असतील. कदाचित बाळ पिशवीऐवजी नळीत रुजलं असेल. आज सांगता येत नाही. आज रक्त तपासू, परवा पुन्हा तपासू. तोवर एकटं राहायचं नाही. पोट जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली तर लगेच या. शेजारी कुणाची गाडी असेल तर आत्ताच सांगून ठेवा."

नळीत बाळ वाढू शकत नाही, मित्रांनो. नळी फुटते आणि आईच्या जिवावर बेततं.

घरी येताना संगमेश म्हणाला, "अव्वा, शेजारच्या मारोतीअण्णाला सांगून ठेवू? त्याची जीप दारातच असती."

"कामून? पित्ताला जीप लागती व्हय?" चन्नव्वाने त्याला गप्प केलं.

मग ते वाट बघणं सुरू झालं. असणं की नसणं, काहीच हाती नाही. भुवनेश्वरी भाकरी थापता थापता थांबायची आणि ओल्या पिठाच्या हाताने मला चाचपायची. "अत्ती, दिसंना म्हणजे न्हाईच, असं न्हाई ना?" ती सासूला विचारायची. "परवा कळंल की," असं म्हणून चन्नव्वा चुलीकडे तोंड फिरवायची. मला फार वाटायचं, असू दे, कसंही करून असू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगमेश कामावर गेला होता. भुवनेश्वरी कपडे वाळत घालत होती. "अत्ती, खांदा दुखायलाय," एवढंच म्हणाली आणि अंगणात कोसळली. आवाज ऐकून मारोतीची बायको अक्कम्मा कुंपणापाशी आली.

"काय व्हायलंय गं चन्नव्वा?"

"पित्त..." चन्नव्वाच्या तोंडून सवयीने निघालं. मग तिने सुनेचा पांढराफटक चेहरा पाहिला. मित्रांनो, त्यानंतर तिने जी आरोळी ठोकली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल.

"माझी सून पोटुशी हाय! नळीत हाय पोट! मारोती, गाडी काढ रे बाबा!"

गाडी निघाली. पदराची गाठ सोडून भुवनेश्वरीने मला मुठीत धरलं होतं, आणि ती मूठ थंड होत चालली होती. दवाखान्याच्या दारात नर्सने तिची बोटं उघडून मला चन्नव्वाच्या हातात दिलं.

नळी फुटली होती. ती काढावी लागली. थोडा उशीर झाला असता तर भुवनेश्वरी हाती लागली नसती, असं विभा मॅडम म्हणाल्या. दुसरी नळी चांगली आहे, असंही म्हणाल्या.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "अत्ती, होतं का?"

"होतं गं बाई," चन्नव्वा म्हणाली. "चुकीच्या जागी होतं, पण होतं."

भुवनेश्वरी रडली. चन्नव्वाने तिला रडू दिलं. अक्कम्मा गरम भात घेऊन आली होती, तीही खाटेपाशी बसली. मग चन्नव्वा म्हणाली, "संगमेशच्या आधी माझंबी एक गेलं. कुणालाच सांगितलं न्हाई. ह्यांनाबी न्हाई. एकटीच न्हाणीत बसून रडले."

मला ते ठाऊक होतं. त्या वर्षीही तिने मला चिंचेने घासलं होतं आणि काही दिवसांनी न बोलता डब्यात परत ठेवलं होतं.

मित्रांनो, मी अजून रिकामी आहे. एखाद्या चिमुकल्या गळ्याची आस मला आहेच, ती सुटायची नाही. पण मला कुणी घासूनपुसून ठेवा, असं मागणं मी मागणार नाही. चांदी काळी पडली तर पुन्हा उजळते. तुमच्या घरात कुणी पोट धरून गप्प बसली असेल, तर तिच्याजवळ बसा, तिला काय होतंय ते विचारा, आणि गरज पडली तर गल्लीभर ओरडून सांगा.