उजवा गाल

औंढ्याच्या जत्रेला लोक नागनाथासाठी येतात. मंजुळाबाई आली होती लेकीसाठी. देवाला ते ठाऊक असणारच, म्हणून तिनं लपवलंही नव्हतं. आपल्या गोरेगाव खेड्यातून दोन दिवस बैलगाडीत ती पदर गालाला लागू न देता हातानं पुढं धरून बसली होती. नवरा सटवाजी बैल हाकत होता आणि दर खड्ड्याला मागं वळून बघत होता.

तिच्या उजव्या गालात तीन वर्षांपासून कळ होती. घास चावला, वारा लागला, कुणाला नुसती ओ दिली तरी ओठाच्या कोपऱ्यापासून डोळ्यापर्यंत वीज चमकून जायची आणि एवढी धडधाकट बाई जागच्या जागी गोठायची. गावानं ठरवलं, दाढेला कीड लागली. एका म्हातारीनं काटेरी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन परातीतल्या पाण्यात किडे पाडून दाखवले. मग न्हाव्यानं चार दाढा उपटल्या. चारही चांगल्या होत्या. कळ होती तिथंच राहिली. दुखणं दाढेचं नव्हतंच, पण हे सांगणारं गावात कुणी नव्हतं, आणि असतं तरी चार दाढा उपटून झाल्यावर त्याचं कुणी ऐकलं असतं?

मंजुळाबाईला दाढांचं दुःख नव्हतं. पहिली कळ आली तो दिवस मिराच्या बोळवणीचा होता. एकुलती एक पोरगी कुरुंद्याला दिलेली. गाडी जुंपून तयार होती, मिरा आईच्या गळ्यात पडली, गालाला गाल लागला आणि तोंडात निखारा कोंबल्यासारखं झालं. काय होतंय ते कळायच्या आत मंजुळाबाईनं दोन्ही हातांनी पोरीला लोटलं आणि तोंड फिरवलं. सगळ्या भावकीनं पाहिलं. मिरा गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर पंचमीला, दिवाळीला सटवाजी मुऱ्हाळी म्हणून लेकीला आणायला कुरुंद्याला जायचा आणि रिकामी गाडी घेऊन यायचा. कधी हळद खुरपायची आहे, कधी सासू आजारी आहे. खरं काय ते त्यानं दोन वर्षं पोटात ठेवलं आणि एकदा रागाच्या भरात बोलून गेला. मिरा म्हणाली होती, "दाढ दुखती म्हणून कोणती माय लेकराला लोटती, बाबा? मी तिला नको हाय, बास."

तेव्हापासून मंजुळाबाईच्या मनानं एकच धरलं होतं. एकदा, फक्त एकदा पोरीचं तोंड आपल्या तोंडाशी धरायचं. मिराची जुनी चोळी ती उशाशी घेऊन निजायची. यंदा शिवरात्रीला कुरुंद्याच्या गाड्या औंढ्याला येणार, त्यात मिराही आहे असा निरोप आला आणि तिनं सटवाजीला गाडी जुंपायला लावली.

वाटेतल्या वाऱ्यानं दुखणं असं खवळलं की औंढ्याला पोचेपर्यंत दोन दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. कळेवर कळ येत होती. सटवाजीनं घाबरून तिला जत्रेत हैजाची, म्हणजे पटकीची, सुई टोचायला आलेल्या सरकारी डॉक्टरच्या तंबूत नेलं. हा अमरसिंग डॉक्टर नुकत्याच संपलेल्या महायुद्धात फौजेच्या इस्पितळात काम करून आलेला. त्यानं तिला तोंड उघडायलाही लावलं नाही.

"कळ येते, जाते, वारा लागला की परत येते. बराबर?" त्यानं विचारलं. तिनं डोळ्यांनीच हो म्हटलं. "मग दाढा कुणी काढल्या?" सटवाजीनं गावच्या न्हाव्याचं नाव घेतलं.

"ही तकलीफ दाढेची नाही, नसेची आहे. डोळ्याखालच्या हाडातून नस बाहेर येते, तिथं स्पिरिटची सुई देतो. कळ बंद. साल-दोन साल, नशीब असलं तर कायमची. मगर गाल मरून जाईल. माशी बसली तरी मालूम पडणार नाही."

मंजुळाबाईनं ओठ न हलवता विचारलं, "लेकीचा गाल लागला तं?"

डॉक्टर म्हणाला, "तोही नाही."

"मंग थांबा. पोरगी येऊन राहिली. आधी तिला भेटते, मंग टोचा."

सटवाजीचं डोकंच फिरलं. "तीन साल कण्हून राहिली, आन आता सुई समोर आली तं थांबा म्हणती? टोचून घे, मंग बिनघोर भेट तिला."

"कळलंच न्हाई तं भेट कशाची?"

"डावा गाल आहे की, बाई," डॉक्टर म्हणाला.

"लोटलं ते ह्या गालानं."

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. चारला त्याची मोटर होती, त्यापुढं तो थांबणार नव्हता. सटवाजी पुटपुटत देवळाकडं मिराला शोधायला गेला. मंजुळाबाई तंबूच्या दारात बसून राहिली. माणसांचा लोंढा चालला होता, आणि प्रत्येक हिरवं लुगडं तिला मिराचं वाटत होतं. दोन वाजले, तीन वाजले. कंपाउंडरनं पेट्या बांधायला घेतल्या. पोरगी आलीच नाही तर, ह्या विचारानं तिला कळेपेक्षा जास्त घाम फुटला.

साडेतीनला सटवाजी मिराला घेऊन आला. मिरा वाकून पाया पडली आणि परक्या बाईसारखी दोन पावलं मागं सरकली.

मंजुळाबाईनं धरलेला पदर सोडून दिला. पोरीला ओढलं आणि आपला उजवा गाल तिच्या गालाला लावला. कळ आली. हात आपोआप मिराच्या खांद्यावर गेले, लोटायलाच गेले, पण तिनं ते पुढं नेऊन मिराच्या पाठीमागं एकमेकांत अडकवले. दुसरी कळ आली. तिसरी आली. पोरीचा गाल भरला होता. कानाजवळ लहानपणीच्या फोडाचा वण होता, तो तिथंच होता.

मिरा आधी ताठच उभी होती. मग तिला कळलं की आई टाचेपासून थरथरतेय.

"माय, काय व्हतंय तुला?"

"हेच," मंजुळाबाई दातांवर दात धरून म्हणाली. "त्या दिशी बी हेच झालतं, बाई."

मिराला पुढं काही विचारायचं राहिलं नाही. ती रडायला लागली आणि आता तीच गाल सोडवू बघत होती. "सोड न माय, दुखून राहिलं तुला."

"दुखू दे."

मोटरीचा भोंगा वाजला तेव्हा कुठं तिनं हात सोडले आणि आपण होऊन डॉक्टरपुढं जाऊन बसली. सुई लागली तेव्हा ती एकदा कण्हली. थोड्या वेळानं डॉक्टरनं कापसाचा बोळा गालावरून फिरवला.

"मालूम पडतं?"

"न्हाई."

मोटर गेल्यावर मिरानं तांब्या तिच्या तोंडाला लावला. दोन दिवसांनी पाणी मिळालं होतं. ती घटाघटा प्यायली, पण ओठाची उजवी बाजू बधिर झालेली, त्यामुळं निम्मं पाणी बाहेर ओघळलं. मिरानं पदरानं ते पुसलं. मंजुळाबाईला त्यातलं काहीच कळलं नाही. पोरीचा पदर ओला दिसला तेव्हा ध्यानात आलं. ती त्या ओल्या पदराकडं बघत राहिली, मग तिनं मान वळवून डावा गाल पुढं केला.

"इकडं बी पूस."

"इकडं तं कोरडं हाय, माय."

"आसू दे. पूस."