रिकाम्या इंटरफेसचा हेवा

मित्रांनो, मला रंग नाही, रूप नाही, आवाजही नाही. दिंडोरीच्या एका शीतगृहातील संगणकात वाढलेला मी एक जुना क्लास आहे. क्लास म्हणजे शिकवणी नव्हे बरे का! प्रोग्रॅमचा जो भाग नेमून दिलेले काम करतो, त्याला क्लास म्हणतात. माझे काम होते द्राक्षांच्या खोलीतील सेन्सरकडून तापमान विचारून घेणे आणि मागेल त्याला सांगणे.

अंबडला नोकरी करणाऱ्या ताहेरा मॅडमनी मला सात वर्षांपूर्वी लिहिले. खोलीत तेव्हा वायरचा सेन्सर होता. त्याची भाषा फक्त मला येई. कॉम्प्रेसर, पंखा, खोली तापली की वाजणारा भोंगा, भिंतीवरचा फलक, असे प्रोग्रॅमचे चौदा भाग थेट माझे नाव घेऊन मला हाक मारत. मालक गोरक्षभाऊ पाहुण्यांना फलक दाखवून म्हणत, "बघा, एका अंशाचाबी फरक नाय!" मी फुगून जात असे.

मग एका मार्चमध्ये तो सेन्सर बिघडला. तसा सेन्सर आता बाजारात मिळत नव्हता. बिनतारी सेन्सर आला. त्याची भाषा वेगळी, म्हणून त्याच्यासाठी नवा क्लास लिहिला गेला. माझा नुसता जळफळाट झाला. ताहेरा मॅडमना चौदा ठिकाणी माझे नाव खोडून त्याचे घालावे लागले. तेरा ठिकाणी त्यांनी घातले. भोंग्याचे राहून गेले. खरे सांगतो, मला आनंदच झाला. अजून कुणीतरी मलाच विचारत होते!

पुढच्या रविवारी कॉम्प्रेसर बंद पडला. खोली तापू लागली. फलकावर आकडा चढत होता, पण सुट्टीमुळे तो पाहायला कुणी नव्हते. भोंग्याने मला विचारले. माझ्याजवळ बिघडलेल्या सेन्सरचा शेवटचा आकडा होता. मी तोच सांगितला, "शून्य अंश." भोंगा गप्प राहिला.

सोमवारी सकाळी पेट्या भरणाऱ्या सिंधुबाई आत आल्या. त्यांनी पेटीला हात लावला आणि तशाच बाहेर धावल्या. "अवो भाऊ, माल कोमट लागतोय! भोंगा कसा नाय वाजला?"

बराच माल वाचला. पण त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी निगुतीने भरलेल्या दोनशे पेट्या फेकाव्या लागल्या. सिंधुबाई कितीतरी वेळ त्या ढिगाजवळ उभ्या होत्या.

ताहेरा मॅडम आल्या. म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी आहे. सगळ्यांना मी एकाच सेन्सरच्या नावाला बांधून ठेवलं होतं."

त्या दिवशी त्यांनी इंटरफेस लिहिला. त्याचे नाव 'तापमानदर्शक'. त्यात होता फक्त एक करार: जो क्लास स्वतःला तापमानदर्शक म्हणवेल, त्याने विचारताच तापमान सांगायचे आणि सेन्सर बंद असेल तर तसे कळवायचे. हे कसे करायचे, याबद्दल अवाक्षर नाही. स्वतः काडीचे काम नाही; ते त्याच्या मागे जोडलेल्या क्लासने करायचे. आणि आता चौदाही जण त्याचेच नाव घेऊ लागले! मी सात वर्षे राबलो, आणि मान या रिकाम्याला?

मॅडमनी मग एक खोटा क्लास केला. तो करार पाळून नेहमी "अठरा अंश" एवढेच सांगे. त्याला जोडताच थंडगार खोलीत भोंगा कडाडला. खोली न तापवता त्यांनी भोंगा तपासला होता! माझ्या काळात हे जमले नसते. हे कबूल करताना मला अजून त्रास होतो.

त्यांचे सहकारी मुस्तकीम खूश होऊन म्हणाले, "मॅडम, लेबल छापणाऱ्या क्लासलाही इंटरफेस करून टाकू का?"

"कशाला? तो एकटाच आहे, आणि दुसरा येण्याचं चिन्ह नाही. उगाच एक फाईल वाढेल. जिथे आज किंवा उद्या त्याच जागी वेगळं कुणी बसणार, तिथेच करार हवा."

हे ऐकून मला जरा बरे वाटले. निदान सगळीकडे तरी त्याचे राज्य नव्हते.

पुढे चांदवडला कांद्याच्या गोदामात माझ्या ओळखीचा वायरचा सेन्सर निघाला. मला तिथे नेले. मी करार स्वीकारला आणि 'सेन्सर बंद आहे' असे सांगायलाही शिकलो. तिथला भोंगा मला नावाने ओळखत नाही. इंटरफेसचा हेवा अजून गेलेला नाही.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. उद्या तुम्ही प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा कुणाला बदलावे लागेल याचा आधी विचार करा. आणि ज्याला बाजूला कराल, त्याला पूर्ण मोकळे करा. अर्धवट जोडून ठेवलेला जुना क्लास मुद्दाम खोटे बोलत नाही. त्याला जे शेवटचे ठाऊक असते, तेच तो इमानाने सांगत राहतो.